दुबळ्या राज्याचा पहिला डाव

मुरलीपुऱ्यातल्या त्या घराच्या गच्चीवर दर दिवाळीत मातीचा किल्ला उभा राहतो. गल्लीत मराठी घर हे एकच. पस्तीस वर्षांपूर्वी आजोबा नोकरीसाठी जयपूरला आले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून सीकर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, मग तिसरी, मग वर गच्ची. गच्चीवरून पूर्वेला नाहरगडाची डोंगररांग दिसते. तिच्याकडे तोंड करून विटा, गोणपाट आणि चिखलाचा किल्ला रचायचा, उतारावर मोहरी पेरायची आणि पुण्याहून कधीकाळी आणलेले मातीचे मावळे त्यावर बसवायचे, हा त्या घराचा नेम.

यंदा वसुबारसेला शेजारची मुले चिखल मळायला आली. "दादाजी, इस बार कौनसा किला?" म्हणून त्यांनी गलका केला. पण घरातला पंधरा वर्षांचा नातू काही वर आला नाही. तो खालच्या खोलीत संगणकासमोर बसून होता. आईने दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला "आलोच" असे उत्तर आले. मुलगा आला नाही.

आजोबा हात धुऊन खाली आले. रागावणार होते, पण नातवाचा चेहरा पाहून थांबले. तो खेळत होता, पण खेळाची मजा त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. ओठ घट्ट मिटून तो पडद्याकडे पाहत होता.

"काय रे, झालं काय?"

"पुन्हा हरलो, आजोबा. सातव्यांदा."

आजोबांनी खुर्ची ओढली. खेळाचे नाव ‘मिडीव्हल टू – टोटल वॉर’. २००६ साली निघालेला, म्हणजे नातवापेक्षा वयाने मोठा. पण घरातला जुना संगणक तेवढाच ओढू शकत होता. इसवी सन १०८० चा युरोप. नकाशावर वीसेक राज्ये. आपण एक निवडायचे आणि ते वाढवायचे. एका चालीत दोन वर्षे सरतात, १५३० साली खेळ संपतो. नातवाने स्कॉटलंड निवडले होते. त्याच्या वाट्याला एकच शहर, एडिंबरा. दक्षिणेला इंग्लंड, त्याच्याकडे सुरुवातीलाच लंडन, नॉटिंगहॅम आणि समुद्रापलीकडचे कां.

"मग मोठं राज्य का नाही घेत?" आजोबांनी विचारले.

"मोठ्यानं कुणीही जिंकतं." नातू म्हणाला. थोड्या वेळाने हळूच पुढे म्हणाला, "लहान असलं की हरायचंच असतं का, हे बघायचंय."

आजोबा त्याच्याकडे पाहत राहिले. या घरात गेल्या आठ महिन्यांत काय चालले आहे, ते मुलाच्या कानावर पडत होते तर.

नातवाचे वडील ज्या कारखान्यात सुपरवायझर होते, तो आठ महिन्यांपूर्वी बंद पडला. वय पंचेचाळीस. दुसऱ्या एका कारखान्यात भांडार सांभाळायची जागा मिळत होती. पण पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि तिथला मॅनेजर कधीकाळी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला. "त्याला आता मी साहेब म्हणू?" असे म्हणून त्यांनी ती जागा नाकारली होती. डोक्यात दुसरेच घेतले होते. बायकोच्या हातच्या चकल्या आणि कडबोळी गल्लीत सगळ्यांना आवडतात. तर मुख्य रस्त्यावर मोठा गाळा घ्यायचा, काचेची कपाटे, चार कारागीर, वर झगझगीत पाटी. पैशांसाठी घर गहाण टाकायचे. घर आजोबांच्या नावावर. भाऊबीज झाली की आजोबांनी कागदांवर सही करायची, असे ठरले होते. कागद पिवळ्या पाकिटात कपाटात ठेवलेले होते. सूनबाई काही बोलत नव्हत्या. फक्त हल्ली चकली तळताना त्या गाणे गुणगुणत नव्हत्या.

आजोबांनी चष्मा पुसला. "दाखव बरं, कसा हरतोस ते."

तिजोरी आधी, तलवार नंतर

नातवाने नवा डाव मांडला. पहिल्या चालीत जेवढे सैनिक मिळाले तेवढे घेतले, वर भाडोत्री शिपाईही घेतले आणि सगळी फौज थेट नॉटिंगहॅमवर नेली. वेढा पडला. तेवढ्यात लंडनहून इंग्लंडची दुसरी फौज आली. एडिंबऱ्यात राखण करायला कुणीच उरले नव्हते.

"थांब," आजोबा म्हणाले, "तिजोरीत किती शिल्लक आहे?"

नातवाने पाहिले. आकडा लाल होता.

"शिपायांना पगार किती जातो?"

ते त्याने कधी पाहिलेच नव्हते. हिशेबाचे पान उघडले तेव्हा कळले, की एका चालीत शहराचे उत्पन्न येते त्याहून फौजेचा खर्च जास्त आहे. तिजोरी रिकामी झाली, की नवा शिपाई भरती करता येत नाही. मग लढाईत मेलेल्यांची जागा भरत नाही.

"अरे, तू इंग्लंडकडून नाही हरलास. तू खतावणीत हरलास," आजोबा म्हणाले. तीस वर्षे हिशेब लिहिलेला माणूस, त्यांना ते एका दृष्टिक्षेपात कळले.

मग दोघांनी मिळून खेळाचे नियम नीट वाचले. शहरात ठेवलेल्या काही नागरी शिपायांचा पगार द्यावा लागत नाही, असे त्यात होते. म्हणजे शहराची राखण फुकट होते. भाडोत्री सैनिक लगेच मिळतात, पण महाग पडतात. ते ऐन गरजेलाच घ्यावेत. शेती सुधारली, रस्ते, बाजार आणि बंदर बांधले, की उत्पन्न हळूहळू वाढते. शेजारच्या राज्यांकडे वकील पाठवून व्यापाराचा करार केला, तर लढाई न करताच दोन पैसे येतात.

"हे सगळं कंटाळवाणं आहे, आजोबा."

"असेल. शहाजीराजांच्या पुण्याच्या जहागिरीची गोष्ट ठाऊक आहे ना? आदिलशाही फौजेनं पुणं बेचिराख केलं होतं. गाढवाचा नांगर फिरवला होता, असं सांगतात. जिजाऊ लहान शिवबांना घेऊन तिथं आल्या, तेव्हा आधी किल्ला घेतला नाही. आधी कौल देऊन रयत परत बोलावली. पडीक जमीन नांगराखाली आणली. पोटभर खाणारी माणसं गोळा झाली, त्यांतूनच पुढं मावळे उभे राहिले."

नातवाने पहिल्या चार चाली नुसत्या शेती, रस्ते आणि बंदरावर घालवल्या. त्याचे पाय टेबलाखाली सारखे हलत होते. पण तिजोरीचा आकडा लाल झाला नाही.

ज्याला कुणी वाली नाही, ते आधी

धनत्रयोदशीला दुपारी आजोबा आपणहून त्या खोलीत आले. सूनबाईंनी ताटलीत दोन चकल्या ठेवल्या आणि पदराला हात पुसत क्षणभर दाराशी थांबल्या.

"आता कुठं जायचं?" नातवाने विचारले.

"नकाशावर मालक नसलेली गावं कुठली?"

ती करड्या रंगाची होती. खेळात त्यांना बंडखोरांची गावे म्हणतात. उत्तरेला इन्व्हर्नेस, दक्षिणेला यॉर्क, समुद्रापलीकडे डब्लिन. ही गावे कुठल्याच राजाची नव्हती. ती घेतली तर कुणाशी वैर होत नाही, कुणी सूड घ्यायला येत नाही. मोठी राज्ये तिकडे वळायच्या आत ती घ्यायला हवीत, एवढेच.

"सात वेळा ही गावं माझ्या डोळ्यांसमोर होती," नातू कपाळाला हात लावून म्हणाला. "मी सरळ इंग्लंडवरच जात होतो."

"मोठ्याशी भांडल्याशिवाय मोठं होता येत नाही, असं वाटतं माणसाला." आजोबा म्हणाले. "महाराजांनी पहिला किल्ला कुठला घेतला?"

"तोरणा."

"१६४६ च्या सुमाराला. विजापूर घ्यायला नाही निघाले. घराजवळचा, डोंगरातला, ज्याच्याकडे दरबाराचं फारसं लक्ष नव्हतं असा किल्ला घेतला. त्याच वर्षी विजापूरचा सुलतान आजारी पडला होता, दरबार आपल्याच विवंचनेत होता. तोरण्यावर धन सापडलं, असं बखरी सांगतात. त्यातून जवळचाच मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, तो राजगड. मिळालेला पैसा लगेच दुसऱ्या स्वारीवर नाही उडवला, घर पक्कं केलं."

इन्व्हर्नेस पडले. खेळाने विचारले, की गाव नुसते ताब्यात घ्यायचे, लुटायचे, की कत्तल करायची? लुटीच्या पुढे मोठा आकडा होता. नातवाचा हात तिकडे गेला.

"लुटलंस तर पुढच्या वर्षी त्या गावाकडून कर कोण देईल?" आजोबांनी विचारले.

त्याने नुसता ताबा घेतला. राजाच्या मुलाला तिथे कारभारी नेमले. मग यॉर्ककडे हेर पाठवला; हेर आत असला तर वेढ्याच्या वेळी दरवाजा उघडा मिळण्याची शक्यता वाढते, हे दोघांनी मिळून शोधून काढले होते. यॉर्कचा दरवाजा खरोखरच उघडा मिळाला. नातू खुर्चीत उभाच राहिला. त्या दिवशी संध्याकाळी तो गच्चीवर गेला आणि किल्ल्याच्या पायथ्याला चोरवाट करू या, म्हणाला. शेजारची मुले खूश झाली.

एका वेळी एकच वैरी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेच पडला. यॉर्क गेल्याचे इंग्लंडला रुचले नाही, त्यांची फौज सरहद्दीवर येऊन बसली. त्याच वेळी डब्लिनला पाठवलेली तुकडी वेढा घालून अडकली होती. दोन्हीकडे पुरेल एवढी माणसे नव्हती. शिवाय पोपचा निरोप आला होता, की ख्रिस्ती राज्याशी लढाल तर धर्माबाहेर काढू. एकदा धर्माबाहेर काढले, की आजूबाजूच्या सगळ्या राज्यांना आपल्यावर चालून यायला मोकळीक मिळते.

"दोघांशीही लढतो," नातू म्हणाला. "माघार घेतली तर काय राहिलं?"

नेमके याच वेळी त्याचे वडील पूजेचे सामान घ्यायला खोलीत आले होते. कपाटातून चौरंग काढता काढता ते थांबले.

आजोबांनी मुलाकडे पाहिले नाही. ते नातवाशीच बोलत राहिले.

"१६६० सालची गोष्ट. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा आणि इकडे पुण्यात शाहिस्तेखान येऊन बसलेला. आदिलशाही एकीकडे, मोगल दुसरीकडे. महाराज पन्हाळ्यावरून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ते आपण दरवर्षी ऐकतो. पुढचं फारसं सांगत नाही कुणी. त्याच वर्षी महाराजांनी पन्हाळा आदिलशहाला देऊन टाकला आणि त्या बाजूची लढाई मिटवली. एवढी माणसं ज्याच्यासाठी पडली, तो किल्ला. देताना काय वाटलं असेल? पण एक बाजू मिटली, म्हणून दुसरीकडं पाहता आलं. तीन वर्षांनी शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती लाल महालात."

"पण किल्ला गेला ना?"

"१६७३ मध्ये परत घेतला. तेरा वर्षं वाट पाहिली."

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे डब्लिन सोडू?"

"तू ठरव. राज्य तुझं आहे."

त्याने डब्लिनचा वेढा उठवला. माणसे जहाजात घालून परत आणली. इंग्लंडकडे वकील पाठवला, थोडी रक्कम देऊ केली, तह झाला. त्याला हे मुळीच आवडले नाही. पण पोप शांत झाला आणि यॉर्क राहिले.

वडील चौरंग घेऊन बाहेर गेले. पूजेच्या वेळी त्यांचे लक्ष नव्हते. आरतीत त्यांनी एकच कडवे दोनदा म्हटले. सूनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत.

मिर्झाराजांचे गाव

पाडव्याला सकाळी गच्चीवर किल्ला पुरा झाला. मोहरी चांगली उगवली होती. शेजारच्या मुलांतला एक म्हणाला, "दादाजी, आमेर का राजा भी रखो न! वो भी तो आया था."

आजोबा हसले. मुलाचे म्हणणे चूक नव्हते. ज्या मिर्झाराजे जयसिंहांनी १६६५ मध्ये पुरंदराला वेढा घातला, ते याच मातीतले, आमेरचे. आमेरचा गड या घरापासून काही मैलांवर, त्याच डोंगररांगेपलीकडे. सगळे किल्ल्याभोवती बसले. नातवाचे वडीलही चहाचा कप घेऊन कठड्याला टेकले होते.

"आमेरही एकेकाळी लहानच होतं," आजोबा सांगू लागले. हिंदीत आणि मराठीत मिळून. "घरात भाऊबंदकी, शेजारी बलवान. तेव्हा राजा भारमलनं १५६२ मध्ये अकबराशी सोयरीक केली. बादशहाच्या छत्राखाली राहून राज्य सांभाळलं, वाढवलं. त्याच घराण्यातल्या सवाई जयसिंहानं १७२७ मध्ये हे जयपूर वसवलं. लहानानं तगून राहायची ही एक रीत. महाराजांची रीत वेगळी. पण त्यांच्यावरही वाकायची वेळ आली, आणि तीही आमेरच्याच राजासमोर."

मग त्यांनी पुरंदरची गोष्ट सांगितली. दिलेरखानाच्या तोफा, मुरारबाजी पडले, मुलूख जळत होता. लढत राहिले असते, तर सगळेच गेले असते. महाराज स्वतः मिर्झाराजांच्या छावणीत गेले. जून १६६५ मध्ये तह झाला. चार लाख होन उत्पन्नाचे तेवीस किल्ले दिले. आपल्याकडे ठेवले बारा, एक लाखाचे.

"तेवीस दिले?" शेजारच्या मुलाला ते पटेना.

"दिले. आणि मग आग्र्याला जावं लागलं, तेही याच मिर्झाराजांच्या शब्दावर. त्यांचा मुलगा रामसिंह तिथं महाराजांना जामीन राहिला होता. आग्र्याला काय काय घडलं, ते रामसिंहाच्या माणसांनी आमेरला पत्रांतून कळवलं. ती राजस्थानी पत्रं जयपूरच्या दफ्तरात सापडली. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज तिथून निसटले. मग काय केलं? लगेच लढाई? नाही. तीन वर्षं बहुतेक शांत राहिले. घर आवरलं, कारभार बसवला. १६७० मध्ये उठले आणि सिंहगड, पुरंदर, एकेक करत परत घेतले. १६७४ मध्ये राज्याभिषेक."

"पहले वाले बारह काम आए," तो मुलगा बोटांवर हिशेब करीत म्हणाला.

"हां बेटा. ते बारा होते, म्हणून."

कठड्याजवळ कप ठेवल्याचा आवाज झाला. वडील खाली निघून गेले होते.

मागे जाता येत नाही तेव्हा

त्या रात्री नातू झोपला नव्हता. त्याने आजोबांना विचारले, "पण आजोबा, एक सांगू? खेळात चाल चुकली तर मी जुना डाव पुन्हा उघडतो. आधी जपून ठेवलेला असतो ना. महाराजांना तसं नव्हतं."

"कुणालाच नसतं, बाळा. म्हणून तर पहिल्या चालीत घर पणाला लावायचं नसतं."

हे वाक्य ते नातवालाच म्हणाले होते. पण पलीकडच्या खोलीतला दिवा अजून चालू होता आणि मधले दार नुसते लोटलेले होते.

भाऊबीजेला सूनबाईंचे भाऊ येऊन गेले. संध्याकाळी घर शांत झाल्यावर आजोबांनी कपाट उघडले, पिवळे पाकीट काढले, खिशातून पेन काढले आणि ते दिवाणखान्यात बसले. मनाला पटत नव्हते. पण मुलगा कर्ता होता, त्याचा शब्द मोडायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. सांगायचे ते खेळाच्या निमित्ताने बोलून झाले होते, त्याहून जास्त ओढायचे नव्हते.

मुलगा समोर येऊन बसला. बराच वेळ त्याने पाकिटाकडे पाहिले.

"बाबा," तो म्हणाला, "बारा किल्ले ठेवले होते ना?"

"हो."

"हे घर त्या बारांतलं." त्याने पाकीट आपल्याकडे ओढून घेतले. "राहू द्या सही. मी उद्या त्या कारखान्यात जाऊन येतो. जागा अजून असली तर घेतो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. सूनबाई दाराशी आल्या.

"अहो, आणि दुकान?"

"तू गेली दहा वर्षं गल्लीत चकल्या देतेस," तो बायकोकडे न पाहताच म्हणाला. "आधी ओट्यावर टेबल मांडू. या दोन-तीन गल्ल्यांत चकली-कडबोळी करणारं दुसरं कोण आहे? कुणी नाही. मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या मिठाईवाल्यांशी मी कशाला भांडायला निघालो होतो?"

सूनबाई आत गेल्या. थोड्या वेळाने पाण्याचा नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

साठावी चाल

जागा अजून रिकामी होती. पहिले दोन आठवडे वडील घरी आल्यावर कुणाशी फारसे बोलत नसत. त्या तरुण मॅनेजरला पहिल्या दिवशी ‘सर’ म्हणताना जीभ अडखळली, असे त्यांनी एकदा बायकोला सांगितले. पुढे एकदा त्या मॅनेजरनेच सगळ्यांसमोर "मला हे काम यांनीच शिकवलं" म्हटले. त्या दिवशी ते घरी येताना जिलबी घेऊन आले.

ओट्यावर शनिवार-रविवारी टेबल लागू लागले. पहिल्या महिन्यात तेल आणि भाजणीचा खर्च जाऊन फार काही उरले नाही. आजोबांनी त्यासाठी वेगळी वही घातली, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. दुसऱ्या महिन्यात विद्याधरनगरातल्या एका बाईंनी लग्नासाठी दहा किलो चकल्या सांगितल्या. सूनबाईंना वाटले, शेजारची एक बाई पगारावर मदतीला घ्यावी. आजोबांनी वहीची चार पाने उलटली आणि म्हणाले, "या कामापुरती घ्या. कायमची पुढच्या महिन्यात बघू." सूनबाईंनी मान डोलावली. त्या दिवशी चकली पाडताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

नातवाची परीक्षा जवळ आली म्हणून खेळ आठवड्यातून एकदाच, रविवारी, तोही तासभर. स्कॉटलंडची साठावी चाल सुरू आहे, साल ११९८. सात गावे आहेत. डब्लिन आले, पण बऱ्याच उशिराने, जेव्हा इंग्लंड फ्रान्सशी गुंतले होते तेव्हा. आजोबांनी त्यावरही गोष्ट सांगून घेतलीच. १६५७ मध्ये औरंगजेब विजापूरशी लढत होता, मग बापाच्या तख्तासाठी भावांशी लढायला उत्तरेच्या वाटेला लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि समुद्र हाताशी आला. मोठे आपसांत भांडत असले, की लहानाने आपले काम उरकावे.

इंग्लंड अजूनही मोठेच आहे. लंडन अजून त्यांचेच आहे. आठव्या डावात नातू जिंकेलच, असे नाही. पण साठ चाली तो टिकला आहे, आणि पूर्वी विसावी चाल त्याने कधी पाहिली नव्हती.

गेल्या रविवारी त्याने फौजेची जमवाजमव केली आणि आजोबांना हाक मारली. "आजोबा, आता लंडन घेऊ?"

आजोबा वहीत चकल्यांचा हिशेब लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी पगार किती जातो ते बघ," ते म्हणाले.